चोरावरही खोटा आळ नको : सालोमालोबुवांना खुले पत्र

कुंभवली, ता. जि. पालघर

सालोमालोबुवा,

नमस्कार लिहीत नाही. दुसऱ्याच्या अभंगातलं नाव काढून तिथे स्वतःचं नाव बसवणाऱ्याला मी नमस्कार घालणार नाही. पण पत्र लिहितो आहे आणि उघड लिहितो आहे, कारण तुमच्याविषयी बोलायचं ते चार लोकांसमोरच बोललं पाहिजे. तुम्ही चोर होता. ज्यांचं चोरीला गेलं त्या तुकोबांनी तुमचं नाव घेऊन तक्रार केली आहे आणि ती तक्रार गाथेत छापलेली आहे. मात्र या एका चोरीच्या जोडीला, तुम्ही कधीच न केलेले पाच-सहा गुन्हे गेली जवळपास नव्वद वर्षं तुमच्या नावावर पडून आहेत. ते तिथून काढून ज्यांचे त्यांच्या पदरात घालावेत, एवढ्यासाठी हे पत्र. तुमची कीव आली म्हणून लिहीत नाही. चोरावर खोटा आळ आला की दुसरा कुणीतरी खरा गुन्हेगार सुटतो, म्हणून लिहितो.

आळ घालणारा साधासुधा नाही. १२ डिसेंबर १९३६ रोजी मुंबईच्या सेंट्रल सिनेमात ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ लागला. तो वर्षभराहून जास्त चालला, १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांचं दिग्दर्शन, शिवराम वाशीकरांचं लेखन, केशवराव भोळ्यांचं संगीत, विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा, गौरीबाईंची जिजाई. आणि भागवतांनी उभे केलेले तुम्ही. असा खलनायक मराठी पडद्यावर क्वचितच झाला. या चित्रपटावर माझं मनापासून प्रेम आहे. गौरीबाईंची जिजाई पाहिली की वाटतं, संताच्या घरातली चूल कुणाच्या जिवावर पेटत होती हे इतक्या सरळपणे दुसऱ्या कुणी सांगितलंच नाही. प्रेम आहे म्हणूनच राग आहे. वाईट चित्रपटातली चूक चित्रपटाबरोबर मरते, चांगल्या चित्रपटातली चूक पिढ्यांच्या डोक्यात इतिहास होऊन बसते.

तारापूरची औद्योगिक वसाहत उभी राहिली तेव्हापासून आमच्या कुंभवलीच्या आसपास, बोईसरात, देशावरून नोकरीला आलेली कुटुंबं राहतात. त्यांच्याबरोबर भजनी मंडळं आली, हरिनाम सप्ताह आले. कीर्तनकाराने गाथा बुडवल्याचा प्रसंग लावला आणि मंबाजीचं नाव घेतलं, तर मागे बसलेली तरुण मुलं एकमेकांकडे बघतात. तुमचं नाव घेतलं की लगेच ओळख पटते. हात जोडून, डोळे फिरवून बोलणारा देहूचा तो कपटी ब्राह्मण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहतो. देहूत तुकोबांचा छळ कुणी केला, या प्रश्नाचं उत्तर पडद्याने देऊन टाकलं आहे, आणि ते उत्तर तुम्ही आहात.

पडद्यावर तुम्ही काय काय करता ते एकदा मोजू. तुकोबांचे अभंग देवळात आपल्या नावाने म्हणता. उलट तुकोबांनीच आपले अभंग चोरले अशी बोंब ठोकता. शूद्राला वेदांचा अर्थ सांगायचा अधिकार नाही म्हणून रामेश्वरशास्त्र्यांना बोलावता, खोटा पुरावा पुढे करून त्यांना फसवता आणि गाथा बुडवायला लावता. तुकोबांना मोहात पाडायला नाचणारी बाई पाठवता. शिवाजी महाराजांचे कान भरता. तेही फसलं की महाराज कीर्तनाला आलेत ही खबर शत्रूला देता. एका माणसाच्या आयुष्यात एवढा उद्योग मावत नाही, बुवा. हे काम तीन-चार माणसांचं, काही काम तर कुणाही एका माणसाचं नाही, एका व्यवस्थेचं. वाशीकरांना एका खलनायकाची गरज होती. ते सगळं त्यांनी तुमच्या डोक्यावर ठेवलं.

तुमच्याबद्दल खरोखर हाती काय आहे? तुकोबांच्या गाथेतले मोजके अभंग. त्यांत ते म्हणतात की सालोमालो स्वतःला हरीचे दास म्हणवतात आणि सगळा नास करून ठेवतात. दुसऱ्याचं ते आपलं म्हणतात, संतांची वचनं मोडून त्यांचे दागिने करून मिरवतात. बस. तुम्ही देहूच्या देवळावर ताबा धरून बसला होता, असा शब्द त्यात नाही. तसं असणं अवघडच होतं. देहूचं ते देऊळ तुकोबांच्याच घराण्यातलं. त्यांचे पूर्वज विश्वंभरबुवा यांच्यापासून विठोबा त्या घरात होता आणि पडझड झालेल्या देवळाची डागडुजी तुकोबांनी स्वतःच्या हातांनी केली होती. घराणं महाजनकीचं, सावकारी आणि वाण्याचा धंदा करणारं. १६३०च्या दुष्काळात पहिली बायको आणि पोर गेलं, धंदा बसला, तेव्हा कर्जाच्या खतपत्रांतला आपल्या वाट्याचा अर्धा भाग तुकोबांनी इंद्रायणीत टाकला. अभंगांच्या वह्या त्याच नदीत गेल्या त्या नंतर. लोकांकडून येणं असलेलं सगळं आपण होऊन पाण्यात सोडलेल्या माणसाला तुम्ही पडद्यावर चोर ठरवू पाहता, हे पाहताना माझ्या पोटात अजून आग होते.

आता मंबाजीकडे येऊ. तुकोबांची म्हैस त्याच्या बागेत शिरली म्हणून काटेरी फांदीने तुकोबांना झोडपणारा तो. संध्याकाळी कीर्तनाला तो आला नाही, तेव्हा तुकोबा त्याच्या घरी जाऊन त्याचे पाय चेपत बसले. ही कथा महिपतींनी सांगितली आहे, आणि महिपती तुकोबांच्या मागून शंभराहून जास्त वर्षांनी लिहीत होते, ‘भक्तविजय’ १७६२चा. कुणी म्हणेल, दंतकथा. पण मंबाजीची साक्ष देणारी आणखी एक व्यक्ती आहे आणि ती तुकोबांच्या काळातली आहे. शिऊरची बहिणाबाई. जन्माने ब्राह्मण. तुकोबांना गुरू मानून ती नवऱ्यासह देहूला आली आणि तिथे मंबाजीने तिच्या घरादाराला कसं छळलं, गाईला कसं मारलं, हे तिने आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत स्वतः लिहिलं आहे. शूद्राच्या पायांवर ब्राह्मण डोकं ठेवतात, याचा बंदोबस्त करा, असं पत्र मंबाजीने पुण्याच्या आप्पाजी गोसाव्याला धाडल्याचंही ती सांगते. सतराव्या शतकातल्या एका बाईने स्वतःच्या शब्दांत नोंदवलेली साक्ष! चित्रपटाने तुम्हाला जागा करून देताना मंबाजीला गिळून टाकलं आणि त्याच्याबरोबर बहिणाबाईची साक्षही गेली. एका चोराला मोठं करण्यासाठी एक कवयित्री पुसली गेली. ही चूक फार महाग पडली.

त्याहूनही मोठी गफलत रामेश्वरभटांच्या बाबतीत झाली आहे, आणि इथे तुम्ही मला नीट ऐका.

पडद्यावर रामेश्वरशास्त्री भला माणूस आहे. विद्वान, जरासा कडक, पण मनाने स्वच्छ. तुम्ही खोटा पुरावा दाखवलात म्हणून त्याच्याकडून अन्याय झाला. परंपरेने सांगितलेले वाघोलीचे रामेश्वरभट वेगळे आहेत. त्यांना कुणी फसवलं नव्हतं. अभंग तुकोबांचेच आहेत याबद्दल त्यांना शंका नव्हती. तोच तर त्यांचा आक्षेप होता. कुणब्याच्या, वाण्याच्या तोंडून श्रुतीचा अर्थ मराठीत बाहेर पडतो आहे आणि लोक, त्यांत ब्राह्मणही, तो ऐकतात, हे त्यांना सहन झालं नाही. त्यांनी सरकारदरबारी जाऊन तुकोबांना देहूतून घालवण्याची खटपट केली, आणि अखेर वह्या पाण्यात बुडवायला सांगितलं ते स्वतःच्या अधिकारात, स्वतःच्या ज्ञानाच्या जोरावर. त्या निवाड्यात लबाडी कुठे नव्हती. सगळं शास्त्राप्रमाणे झालं होतं, म्हणूनच ते इतकं भयंकर होतं.

चित्रपटात वेदाधिकाराचा मुद्दा येतो, हे मी नाकारत नाही. येतो, पण तुमच्या तोंडून येतो आणि तुमचा मत्सर त्याला व्यापून टाकतो. प्रेक्षक बाहेर पडताना समजतो की सालोमालो नसता तर काही झालंच नसतं. बुवा, तुम्ही नसता तरी वह्या बुडाल्याच असत्या. तुम्ही अभंगाला हात लावला नसता, देहूच्या वाटेलाही फिरकला नसता, तरी वाघोलीहून तो हुकूम सुटलाच असता. वर्णाने दिलेल्या निवाड्याला चित्रपटाने एका मत्सरी माणसाचं कारस्थान करून टाकलं आणि सभागृहातल्या प्रत्येकाला निर्धास्त केलं: आपण कुठे सालोमालो आहोत?

यात रामेश्वरभटांवरही अन्यायच झाला. ते पुढे तुकोबांना शरण आले. गाथेबरोबर आजही छापल्या जाणाऱ्या त्यांच्या स्तुतीच्या रचना आहेत, आणि ठिकठिकाणी म्हटली जाणारी तुकोबांची आरती त्यांचीच; शेवटी त्यांचं नाव आहे. ज्याने गाथा बुडवायला लावली त्याचंच नाव त्या कवीच्या आरतीत रोज घेतलं जातं. फसवलेल्या माणसाचा हा पश्चात्ताप नाही. पूर्ण शुद्धीत अन्याय केलेल्या विद्वानाने स्वतःचं शास्त्र खाली ठेवून एका शूद्र कवीपुढे डोकं टेकवलं. सतराव्या शतकात याहून मोठा प्रसंग कोणता? फसवणुकीची सबब देऊन चित्रपटाने तो लहान केला.

आता तुमच्या खऱ्या गुन्ह्याकडे वळतो. माझी तक्रार अशी की चित्रपटाने तुमचे खोटे गुन्हे वाढवले आणि खरा गुन्हा उथळ केला. तुम्ही चोरी केलीत ती कशी? तेव्हा छापखाना नव्हता. अभंग कीर्तनात जन्मायचा, टाळकऱ्यांच्या कानांत बसायचा, कुणाच्या वहीत उतरायचा आणि दुसऱ्या गावच्या कीर्तनात पुन्हा उभा राहायचा. कवीची मालकी सांगणारी एकच खूण अभंगात असायची, शेवटच्या चरणातली नाममुद्रा. ‘तुका म्हणे’ हे दोन शब्द काढून तिथे दुसरं नाव बसवलं, एखादी मात्रा इकडेतिकडे केली, की अभंग दुसऱ्याचा. हस्तलिखितांच्या जगात ही चोरी करायला ना कुलूप तोडावं लागत होतं ना भिंत. म्हणून ती करणारे तुम्ही एकटे नव्हता. घरोघरी कवी झाले आहेत, लोकांच्या उष्ट्या पत्रावळी गोळा करून कवित्व दाखवताहेत, अशी चीड तुकोबांनी नावं न घेताही व्यक्त केली आहे.

आणि गंमत करण्याची ही गोष्ट नाही, बुवा, कारण तुकोबांनी स्वतः मालकी सांगितलीच नव्हती. नामदेवांनी पांडुरंगाला घेऊन स्वप्नात येऊन उरलेले अभंग पुरे करायला सांगितले, असं ते म्हणतात. माझ्या तोंडून बोलणारा दुसराच आहे, हे तर ते पुन्हापुन्हा सांगतात. शब्द माझे नाहीत असं म्हणणारा माणूस तुमचं नाव घेऊन चिडतो, यावरून तुमचा गुन्हा समजून घ्या. त्यांचं दुःख कीर्ती गेल्याचं नव्हतं. जगून, उपाशी राहून, स्वतःशी भांडून जो शब्द हाती लागला तो न जगता वापरला जात होता, मोडला जात होता, हे त्यांना सहन झालं नाही. पडद्यावर तुम्ही ‘अभंग माझा’ एवढंच म्हणता आणि लोक हसतात. त्या हसण्यात हे दुःख ऐकू येत नाही.

हा रोग फक्त आपल्याकडचा नाही. २०११ साली रोलंड एमरिख या दिग्दर्शकाने ‘अनॉनिमस’ नावाचा चित्रपट काढला. शेक्सपिअरची नाटकं शेक्सपिअरने लिहिलीच नाहीत, ऑक्सफर्डचा अर्ल एडवर्ड डी व्हेअर याने लिहिली, हे त्याचं म्हणणं. पडद्यावरचा शेक्सपिअर दारुडा, पैशाला हपापलेला नट. त्याला धड लिहिताही येत नाही. इतिहासाची तिथे जी दशा केली आहे ती पाहून मला ‘प्रभात’च्या हातून झालेले घोळ फार किरकोळ वाटले. १५९३ साली खून झालेला नाटककार मार्लो त्यानंतरही हिंडताना दिसतो. १६०१मध्ये एसेक्सच्या बंडाच्या आदल्या दिवशी ‘दुसरा रिचर्ड’ हे नाटक झालं होतं, पडद्यावर ‘तिसरा रिचर्ड’ होतं. ग्लोब नाटकगृह १६१३ साली प्रयोग चालू असताना आग लागून जळालं. इथे ते कितीतरी आधी शिपाई जाळतात, आणि राखेतून हस्तलिखितं धडधाकट बाहेर निघतात. अर्ल १६०४ साली वारला आणि ‘टेंपेस्ट’सारखी नाटकं त्यानंतरची आहेत, तर तो मरण्याआधी सगळी लिहून ठेवून गेला अशी सोय केली आहे.

पण या तपशिलांपेक्षा त्या सगळ्याच्या मुळाशी जे आहे ते तुम्हाला ओळखीचं वाटेल. स्ट्रॅटफर्डच्या हातमोजे शिवणाऱ्याच्या पोराला, विद्यापीठाचं तोंड न पाहिलेल्याला, राजेरजवाड्यांच्या मनातलं कसं कळेल? असं लिहिणारा उमरावच असला पाहिजे. हा तुमच्या गावचाच युक्तिवाद आहे. वाण्याच्या पोराला हे सुचेल कसं? सुचलं असेल तर चोरलेलं असेल. देहू आणि लंडन यांत समुद्र आडवा आहे, काळ मात्र जवळजवळ एकच: शेक्सपिअर १६१६ साली गेला तेव्हा तुकोबा आठ वर्षांचे होते. दोघांच्याही बाबतीत लिहिणाऱ्याची जात आधी तपासली गेली. एमरिखचा चित्रपट तुमच्या बाजूने उभा आहे, सालोमालोबुवा. तुम्ही तिथे नायक आहात. ‘प्रभात’ने तपशिलात कितीही चुका केल्या तरी ती मंडळी ज्याचं होतं त्याच्या बाजूने उभी राहिली. १९३६ साली, ज्या वर्षी बाबासाहेबांचं ‘जातिनिर्मूलन’ इंग्रजीत छापून आलं त्याच वर्षी, शूद्र कवीच्या बाजूने इतक्या लोकांना रडायला लावणं ही लहान गोष्ट नव्हती. म्हणून माझा राग ‘प्रभात’वर भावाचा आहे आणि एमरिखवर परक्याचा.

आता अशी गोष्ट सांगतो की ती ऐकून तुम्हाला आनंद होईल, आणि मला तो होऊ द्यायचा नाही. तुमच्यावरच्या या चित्रपटानेच एक उलटी चोरी घडवली. ‘आधी बीज एकले’ हे गाणं चित्रपटातलं. ते शांताराम आठवल्यांनी लिहिलं. इतकं तुकोबांच्या वळणाचं की भलेभले ते गाथेत शोधत राहिले. आजही भजनात ते तुकोबांचा अभंग म्हणून म्हटलं जातं. त्यात ‘तुका म्हणे’ नाही, एवढीही दखल कुणी घेतली नाही. पागनीसांच्या तोंडून आलं, म्हणजे तुकोबांचंच. आठवल्यांनी काही लपवलं नव्हतं, चित्रपटाचे गीतकार म्हणून त्यांचं नाव होतंच. दोष त्यांचा नाही. पण अभंगाची चोरी हा ज्या चित्रपटाचा विषय, त्याच चित्रपटातल्या एका सुंदर गाण्याच्या कवीचं नाव लोकांच्या तोंडून गळून पडलं, याची खंत वाटायला हवी. तुम्ही तुकोबांचे शब्द स्वतःच्या नावाने खपवलेत, आज लोक स्वतःचे शब्द तुकोबांच्या नावाने खपवतात. रोज सकाळी फोनवर येणाऱ्या सुविचारांखाली ‘तुका म्हणे’ लिहिलेलं असतं. ते गाथेत सापडत नाही. तुमचा वंश वाढला आहे, दिशा तेवढी बदलली.

शिवाजी महाराजांचंही तेच. तुकोबा गेले १६५०च्या सुमारास, फाल्गुन वद्य द्वितीयेला. महाराज तेव्हा विशीत. राज्याभिषेक १६७४चा. महाराजांना उद्देशून लिहिलेले म्हणून जे अभंग गाथेत छापले जातात, त्यांतल्या एकात राज्याच्या प्रधानांचे हुद्दे ओळीने मोजले आहेत. तुकोबांच्या हयातीत ते प्रधानमंडळ उभंच नव्हतं. अभ्यासकांनी हे कधीच दाखवून दिलं आहे. कुणीतरी, तुकोबांच्या प्रेमापोटी असेल किंवा महाराजांच्या, मागाहून ते रचून आत सरकवले. भेटीची कथा लोकांना हवी आहे, ती असू द्या. कीर्तनात मीही ती ऐकतो आणि डोळे भरून येतात. पण पडद्याने तिला तारीख नसलेला इतिहास केलं, आणि महाराजांची खबर शत्रूला देणारा फितूर म्हणून तुमचं नाव लावून मोकळं झालं. अभंगचोराला राजद्रोही ठरवायला एक कागदही लागला नाही.

मग तुकोबांचे शब्द वाचले कसे? चित्रपट म्हणतो, देवाने नदीतून परत दिले. तेरा दिवस अन्नपाणी सोडून बसल्याचं आणि पाण्यात वह्या राखल्याबद्दल देवाचे आभार मानल्याचं तुकोबांच्या स्वतःच्या अभंगांत आहे. त्या श्रद्धेला मी हात लावत नाही. पण त्यानंतरची पावणेतीनशे वर्षं शब्द राखले ते माणसांनी, आणि त्यांतला एकही माणूस पडद्यावर धड लक्षात राहत नाही. चाकणचे संताजी तेली जगनाडे. तेलाचा घाणा चालवणारा हा माणूस तुकोबांच्या मागे टाळ घेऊन उभा राहायचा आणि अभंग उतरवून घ्यायचा. कडूसचे गंगाराम मवाळ दुसरे. लंडनला शेक्सपिअरच्या मरणानंतर हेमिंग्ज आणि कॉन्डेल या दोन नटमित्रांनी १६२३ साली ३६ नाटकं एकत्र छापली. त्यांतली निम्मी त्याआधी कधी छापलीच नव्हती. ते दोघे नसते तर ‘मॅकबेथ’ नसतं. आपल्याकडे ते काम एका तेल्याने केलं आणि त्याच्या हातात छापखानाही नव्हता.

पुढे १८६९ आणि १८७३ साली विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथल्या वह्या ताडून ‘इंदुप्रकाश’मधून गाथा छापली. मुंबई सरकारने त्यासाठी २४,००० रुपये दिले. त्यात साडेचार हजारांहून जास्त अभंग आहेत. मग १९१९-२०मध्ये विनायक लक्ष्मण भाव्यांनी संताजी जगनाड्यांच्या वह्यांवरून ‘तुकारामबुवांचा अस्सल गाथा’ काढला. भावे ठाण्याचे, १८९३ साली तिथलं मराठी ग्रंथसंग्रहालय उभं करणाऱ्यांपैकी. १ ऑगस्ट २०१४ला पालघर वेगळा झाला, तोवर आम्ही ठाणे जिल्ह्यातच होतो. म्हणून भावे मी आमचेच मानतो. त्यांनी छापलेले अभंग मोठ्या गाथेच्या मानाने फार थोडे, पण कोणता शब्द कुणाच्या हाताने कागदावर आला हे विचारायची सवय त्यांनी लावली. तुमच्या चोरीवरचा खरा इलाज तो आहे. एक वही दुसऱ्या वहीशेजारी ठेवायची, ओळ ओळीशी ताडायची, आणि नंतर कुणी काय घुसवलं ते बाजूला काढायचं. या कामात विमान येत नाही, नदी दुभंगत नाही, म्हणून कॅमेरा तिकडे वळत नाही.

चित्रपट म्हणजे इतिहासाचं पुस्तक नव्हे, त्याला सूट हवी, असं मला लोक सांगतात. हवीच. तुकोबा कोणत्या रंगाचं पागोटं बांधत, इंद्रायणीचा घाट कुठे होता, संवाद कोणत्या शतकातले आहेत, यासाठी मी भांडणार नाही. पुष्पक विमानासाठीही नाही. तो श्रद्धेचा भाग आहे आणि १९३६च्या मानाने ते दृश्य जीव ओतून केलेलं आहे. पण चित्रपटाचा विषयच जर ‘हे शब्द कुणाचे’ हा असेल, तर त्या एका प्रश्नात सूट मिळणार नाही. तिथे ज्याचं त्याच्या पदरात घातलंच पाहिजे. शब्द तुकोबांचे, छळ मंबाजीचा, निवाडा रामेश्वरभटांचा, साक्ष बहिणाबाईची, वह्या संताजींच्या, ‘आधी बीज’ आठवल्यांचं. आणि दुसऱ्याचे अभंग मोडून मिरवण्याची लाज तुमची, पूर्ण तुमची, त्यात कुणाचा वाटा नाही.

बुवा, तुमच्याशी माझं बोलणं संपलं. आता दोन शब्द तुकोबांवर पुन्हा चित्रपट काढू पाहणाऱ्यांशी, कारण तो निघतच राहणार. खलनायक हवा म्हणून सगळं सालोमालोच्या माथी मारू नका. रामेश्वरभटांना न फसवलेला, पूर्ण भानावर असलेला विद्वान म्हणून उभं करा आणि मग त्यांना झुकताना दाखवा. बहिणाबाईला तिच्या स्वतःच्या शब्दांनिशी आत घ्या. घाण्याच्या कामातून उठून आलेले संताजी वहीत अभंग उतरवताहेत, हे दृश्य घाई न करता दाखवा. आणि श्रेयनामावलीत, लहान अक्षरात का होईना, गाथेतले अभंग कोणते आणि गीतकाराने नव्याने लिहिलेली गाणी कोणती, हे वेगवेगळं छापा. एका पाटीचं काम आहे. १९३६ साली ते झालं असतं तर ‘आधी बीज एकले’ गाथेत शोधण्याची वेळ कुणावर आली नसती.

तुमचा कुणीही नसलेला,
कुंभवलीचा एक कीर्तनश्रोता